भिंतीवरचे पन्नास जोर

खुबा नावाचा अवयव आपल्याला आहे, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर माझ्या लेखी माणूस म्हणजे दोन हात, दोन पाय, पुढे काढलेली छाती आणि ताठ मान. पंचवटीतल्या एका शाळेत मी कवायतीचा मास्तर होतो. तीस-बत्तीस वर्षं पोरापोरींना 'सावधान-विश्राम' शिकवून झालं, शिट्ट्या फुंकून झाल्या, आणि मग नव्वदीचं दशक संपता संपता माझ्या उजव्या खुब्याने मलाच विश्राम दिला.

सुरुवातीला मी त्याला दुखणं म्हणालोच नाही. 'शीर चढलीय' म्हणालो. कवायतीच्या मास्तराकडे माणसाच्या सगळ्या दुखण्यांचं हे एकच निदान असतं. देवळ्याचा मेहुणा घरी आला होता. त्याच्या चार पिढ्या कांद्यात गेलेल्या, त्यामुळे त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांचा एकच उपाय. "दाजी, कांद्याचं पोटीस बांधा, लय फरक पडतो," म्हणाला. मी महिनाभर बांधलं. त्या महिन्यात मैदानावर पुढची रांग माझ्यापासून चांगली दोन हात मागे उभी राहायला लागली. मला वाटलं, चला, शेवटी का होईना, पोरांना शिस्त लागली.

कांद्याने काही झालं नाही तेव्हा एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून दाखवला. खुब्यातला गोळा गोल असतो म्हणे. माझा पायाखाली आलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूसारखा चेपला होता. त्यामुळे उजवा पाय अर्धा इंच आखूड झालेला. 'सांधा बदलावा लागेल' हे वाक्य त्यांनी 'वॉशर बदलावा लागेल' इतक्या सहज म्हटलं, आणि घाम पुसायला मी जो रुमाल काढला, त्याच्याबरोबर खिशातली शिट्टी खाली पडली.

ऑपरेशनची भीती एकीकडे. मला खरं लागलं ते अर्ध्या इंचाचं. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. 'सावधान' म्हटल्यावर डावा पाय उचलून उजव्याला मिळवायचा असतो, आणि टाचांचा आवाज एकच आला पाहिजे. ठक्. चाळीस पोरांच्या रांगेत कोणाची टाच मागे राहिली, हे मी डोळे मिटून सांगायचो. आणि आता माझ्याच टाचा दोन आवाज करायला लागल्या होत्या. आधी ठक्, मग तोल सावरताना मागाहून एक बारीकसा ठप्. सातवीच्या वर्गाने ही काहीतरी नवी पद्धत आहे असं समजून ती उचलली. एका सकाळी मी 'सावधान' म्हणालो आणि अख्ख्या मैदानातून 'ठक्-ठप्' असा आवाज आला. हसावं की रडावं कळेना. मी शिट्टी वाजवली. तेवढंच मला येतं.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मला काठी टेकत खुर्चीवर बसावं लागलं आणि संचलनाच्या आज्ञा मराठीच्या बाईंनी दिल्या. बाई स्वभावाने फार गोड. त्या 'सावधान' असं म्हणाल्या की जणू समोर पायरी आहे, जपून या. पोरं जपून उभी राहिली. मुख्याध्यापिकांनी मला नंतर हळूच सुचवलं, की सर, पुढच्या वर्षी तुम्ही पाहुण्यांच्या शेजारीच बसा ना, मानाची खुर्ची ठेवू. पुढचं वर्ष म्हणजे माझं नोकरीतलं शेवटचं. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होणार होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं, शेवटचं संचलन मी माझ्या पायांवर उभा राहून घेणार, काठीशिवाय. ती भाजी निवडत होती. 'मग कांदा सोडा आणि ऑपरेशन करा,' म्हणाली.

तर असा हा सगळा पंधरा ऑगस्टचा प्रश्न होता.

सांधा बदलणारे मोठे सर्जन तेव्हा मुंबईहून यायचे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी एप्रिलचा शेवटचा रविवार धरला. मे महिन्यात सर्जन परदेशी जाणार होते. म्हणजे एप्रिल चुकला तर थेट जूनअखेर. चालायला शिकण्यात तीन महिने जातात असं त्यांनी बजावलं होतं. एप्रिलमध्ये झालं तर ऑगस्टात मैदानावर, जूनमध्ये झालं तर मानाच्या खुर्चीवर. हिशेब सोपा होता. अट एकच: त्याआधी सगळ्या तपासण्या व्हायच्या, आणि फिजिशियनने कागदावर 'फिट' असं लिहून द्यायचं.

मला फिटनेसचं सर्टिफिकेट हवं होतं. मला! ज्याने हयातभर दुसऱ्यांची सर्टिफिकेटं परत केली, त्याला. पीटीचा तास चुकवायला पोरं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणायची. त्यावर माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "सर्टिफिकेट पळत नाही, पोर पळतं. दोन फेऱ्या!" हे वाक्य मला फार विनोदी वाटायचं. शिक्षकांच्या खोलीत मी ते स्वतःच सांगून स्वतःच हसायचो.

बायकोने एक प्लास्टिकची फाइल आणली आणि तपासण्यांचं खातं स्वतःकडे घेतलं. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, दात, सगळं ओळीने. कुठे पू नको, कुठे जंतू नको, नाहीतर नव्या सांध्यात जाऊन बसतात. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली. मी म्हटलं, खुबा बदलायला निघालोय आणि सुटे भाग वरून काढायला लागलेत. माझ्या या विनोदावर तोंडात कापूस असल्यामुळे मीच हसू शकलो नाही.

रिपोर्ट आले की मी ते प्रगतिपुस्तकासारखे वाचायचो. उपाशीपोटीची साखर अठ्ठ्याण्णव आली. आयुष्यात मला कशातही अठ्ठ्याण्णव पडले नव्हते. मी रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं. मग हिमोग्लोबिन बघितलं, तर तेरा. पस्तीसला पास, आणि आपल्याला तेरा. दुपारी जेवलो नाही. बायकोने शेवटी फाइल ओढून घेतली आणि 'अहो, ते शंभरपैकी नसतं' असं शांतपणे सांगितलं. लग्न होऊन तीस वर्षं झाली की बायका अशी वाक्यं फार शांतपणे म्हणतात.

राहिला होता कार्डिओग्राम आणि रक्तदाब. त्याची मला काळजीच नव्हती. हृदय म्हणजे माझा घरचा विषय.

आणि इथेच मी माती खाल्ली.

कोणत्याही स्पर्धेआधी अंग गरम करून घ्यायचं, हे मी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. थंड अंगाने जो धावतो तो लंगडतो. कार्डिओग्राम ही हृदयाची परीक्षा, मग हृदय गरम नको करायला? कॉलेज रोडच्या त्या हॉस्पिटलात बायको बाटली द्यायला लॅबच्या खिडकीशी गेली, तेवढ्यात मी काठी टेकत जिन्याखालच्या मोकळ्या जागेत शिरलो. बैठका जमण्यासारख्या नव्हत्या. भिंतीला तळवे टेकवून जोर काढले. पंचवीस. शेवटी श्वास रोखून छाती भरून घेतली आणि ताठ मानेने आत जाऊन पलंगावर पडलो.

तंत्रज्ञाने तारा जोडल्या, पट्टी निघाली. त्याने पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पट्टीकडे बघितलं. नाडी एकशे सोळा. रक्तदाब एकशे सत्तर, खाली शंभर. तरुण डॉक्टरांनी हसून विचारलं, 'काही टेन्शन आहे का?' मी म्हटलं, अजिबात नाही, मी खेळाडू आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चार दिवसांनी परत बोलावलं. त्या कागदावर 'फिट' नव्हतं एवढं मला इंग्रजीतही वाचता येत होतं.

त्या चार दिवसांत मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पंचवटीत ज्याच्या ज्याच्याकडे रक्तदाबाचं यंत्र होतं, त्या प्रत्येकापुढे मी बाही वर केली. कारंजाजवळचा केमिस्ट, भाजीबाजारामागचा दवाखाना, आमच्या गल्लीतले होमिओपॅथ. एकशे साठ, एकशे अडुसष्ट, एकशे बहात्तर. जितके हात दिले तितका आकडा चढला. जेवताना डाव्या हाताने उजव्या मनगटाची नाडी मोजायला लागलो, तर घास हातातच राहायचा. गाद्या-उशा नीट करता करता बायको पुटपुटली, "हाऊ माणूस येडा शे." ती माहेरच्या बोलीत शिरली की समजायचं, आता बोलण्यात अर्थ नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा मी घाबरलो होतो. खुब्यापाठोपाठ आता हृदयही गेलं, असं मनाने धरलं. एप्रिल चालला होता. डोळ्यांसमोर ती मानाची खुर्ची दिसायला लागली, तिच्यावर घातलेल्या स्वच्छ टॉवेलसकट.

आणि एवढ्या विचारातून मी निष्कर्ष काय काढावा? की पंचवीस कमी पडले. वॉर्मअप अपुरा झाला.

दुसऱ्या खेपेला मी पन्नास काढले.

नाडी एकशे चोवीस. रक्तदाब एकशे ब्याऐंशी. तरुण डॉक्टर आता हसले नाहीत. ते म्हणाले, सही मी नाही करू शकत, मोठ्या मॅडम शुक्रवारी येतात, त्या बघतील. रविवारी सर्जन येणार होते. रिक्षात बायकोने फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. रामकुंडाच्या वळणावर रिक्षा हळू झाली तेव्हा म्हणाली, "जून तर जून. पण तुम्ही मला हवे आहात." मला तीस वर्षांत एवढं मोठं वाक्य मिळालं नव्हतं. मी बाहेर बघत बसलो.

शुक्रवारी मात्र मी घाई केली. बायको नंबर लावत होती, गर्दी होती. जिन्याखाली गेलो आणि झपाझप पन्नास उरकले. आत गेलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

मोठ्या मॅडम म्हणजे पस्तिशीच्या आत-बाहेरच्या बाई. चष्मा, केस घट्ट बांधलेले. त्यांनी फाइल शेवटच्या पानापासून वाचली. रक्तदाब स्वतः घेतला. मग यंत्राचा पट्टा सोडता सोडता त्यांची नजर माझ्या तळहातावर थांबली.

"सर, हाताला चुना कसला?"

मी हात मागे घेतला. दोन्ही तळवे पांढरे. पँटवर, जिथे हात पुसले होते तिथेही पांढरे पंजे. जिन्याखालच्या भिंतीला नुकताच चुना दिलेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, भिंतीचा आधार घेतला असेल.

"दोन्ही हातांनी?"

बायको माझ्याकडे बघत होती. वर्गात पकडलं गेलेलं पोर जसं आधी पंख्याकडे, मग बुटांकडे बघतं, तसं मी बघितलं. आणि सांगून टाकलं. पंचवीस, पन्नास आणि आज पुन्हा पन्नास. अंग गरम करायला.

बायकोने कपाळाला हात लावला. मॅडमनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही मला ओळखलं नाही, सर. मी सातवी ब. दम्याचं सर्टिफिकेट आणायचे."

मी आठवल्यासारखं केलं. हजारो पोरं हाताखालून जातात, चेहरे राहत नाहीत. मग त्या म्हणाल्या, "सर्टिफिकेट पळत नाही, पोर पळतं," आणि मला ती दिसली. दुसऱ्या फेरीत ती पाण्याच्या टाकीपाशी खाली बसली होती. खांदे वरखाली होत होते. मी लांबून शिट्टी वाजवत होतो. नाटक करतेय, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती महिनाभर शाळेत आली नाही, तेव्हाही मी चौकशी केली नव्हती.

ही बाई आता माझ्या दोन फेऱ्यांची परतफेड करणार, असं मला वाटलं. मी तरी केली असती.

त्यांनी चष्मा परत घातला. "बाहेर बाक आहे. अर्धा तास तिथे बसायचं. जोर नाही, श्वास रोखणं नाही, नाडी मोजणं नाही. नुसतं बसायचं. जमेल?"

मी आयुष्यात कोणाला नुसतं बसू दिलं नव्हतं. बाकावर बसलेलं पोर दिसलं की माझा हात शिट्टीकडे जायचा. आता मी बसलो. बायको शेजारी पहाऱ्याला. पहिली दहा मिनिटं माझे खांदे आपोआप फिरायला लागायचे आणि ती मांडीवर चापटी मारायची. मग हळूहळू ते थांबलं. समोरच्या भिंतीवर एका रोपाची सावली हलत होती. मी ती बघत राहिलो. टाकीजवळ बसलेली ती मुलगीही डोळ्यांसमोर आली. तिलाही एवढंच हवं होतं. एक बाक.

अर्ध्या तासाने मॅडम स्वतः बाहेर आल्या. बाकावरच पट्टा बांधला. कानातली नळी काढून त्यांनी आकडा मला नाही, बायकोला सांगितला. एकशे चौतीस, खाली चौऱ्याऐंशी. नाडी अठ्ठ्याहत्तर. मग पुन्हा कार्डिओग्राम झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली, आणि हृदय वयाच्या मानाने उत्तम निघालं. दोष हृदयात नव्हताच. तो थोडा वरच्या मजल्यावर होता.

त्यांनी कागदावर 'फिट' लिहिलं आणि सही केली. कागद हातात घेताना मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, पण मला हुकूम सोडायची सवय, माफीची वाक्यं पाठ नाहीत. काहीतरी पुटपुटलो.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "आता जे सर्टिफिकेट आणतील, त्यांना बसू द्या."

रविवारी ऑपरेशन झालं. भूल कमरेखालचीच होती, वर थोडं गुंगीचं औषध. हातोडीचे आवाज ऐकू यायचे, शेजारी कोणी कपाट ठोकतंय तसे. मी त्या ठोक्यांवर 'एक-दोन, एक-दोन' म्हणत होतो असं नंतर परिचारिकेने सांगितलं. सर्जन म्हणे वैतागले, मग त्याच तालावर काम करायला लागले. हे दुसरं वाक्य मी घातलेलं असण्याची शक्यता आहे.

पुढचे तीन महिने मला माझ्या निम्म्या वयाच्या फिजिओथेरपिस्टने चालायला शिकवलं. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, की मी वर्षभर काठी चुकीच्या हातात धरत होतो. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. 'डावा' म्हटलं की मी उजवा टाकायचो. ज्याने अख्ख्या पंचवटीला डावं-उजवं शिकवलं, त्याला घरच्या ओसरीत एक पोरगा सांगत होता, "सर, तो दुसरा पाय." बायको दारात उभी राहून बघायची. तिला दुपारची करमणूक झाली होती.

पण जूनमध्ये वॉकर सुटला, जुलैत काठी. पंधरा ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात मी मैदानावर गेलो आणि आधी शिपायाकडून एक लांब बाक उचलवून कडुनिंबाखाली ठेवून घेतला. मराठीच्या बाईंनी विचारलं, पाहुण्यांसाठी का? मी म्हटलं, सर्टिफिकेटवाल्यांसाठी. त्या इतक्या चकित झाल्या की त्यांनी मुख्याध्यापिकांना बोलावून आणलं.

पंधरा ऑगस्टला सकाळी ऊन पडलं होतं. पाहुण्यांच्या शेजारी मानाची खुर्ची ठेवलीच होती, टॉवेलसकट. मी तिच्यावर माझी टोपी ठेवली आणि मैदानाच्या मध्यावर चालत गेलो. काठी घरी होती. बायको पालकांच्या रांगेत, मांडीवर ती प्लास्टिकची फाइल. ती कशाला आणली होती, तिलाच माहीत. बाकावर तिघं-चौघं चिठ्ठीवाले बसले होते, आणि शिट्टी माझ्या गळ्यात शांत लटकत होती.

मी छाती भरून घेतली. या खेपेला कुठलाही जोर न काढता.

"सावधान!"

माझा डावा पाय उचलला आणि उजव्याला जाऊन मिळाला. मी कान देऊन ऐकलं. समोरच्या चारशे पोरांच्या टाचांचं मला त्या क्षणी काही देणंघेणं नव्हतं.

ठक्.

एकच.

संचलन संपल्यावर बायको माझ्याकडे आली. झेंड्याबद्दल काही बोलली नाही, संचलनाबद्दल नाही. तिने आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "एकच आला."